वावटळ : सोलापूरची आणि मंगळावरची

सोलापुरांत राहणाऱ्या वाचकांस धुळीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. होळी झाली, रबीची ज्वारी खळ्यांतून घरांत आली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या, कीं शहराच्या चोहोंबाजूंस पसरलेली काळी जमीन उघडी पडते. चैत्र-वैशाखाच्या उन्हानें ती भेगाळते, ढेकळें तापून फुटतात आणि वरचा थर भुसभुशीत होऊन जातो. मग भर दुपारीं, आभाळांत ढगाचा ठिपका नसतांना व झाडाचें पान हालत नसतांना, दूर शेतांत एकाएकीं धुळीचा खांब उभा राहतो, पालापाचोळा व कागदाचे कपटे गरगरा फिरवीत पांच-दहा बांध ओलांडतो, आणि जसा आला तसाच नाहींसा होतो. हीच वावटळ.

खेड्यापाड्यांतून वावटळ दिसली कीं मुलांस घरांत ओढून घेण्याची चाल आहे. तिच्यांत भूत असतें, असें आजी सांगते. भूत नसतें. परंतु मुलांस आंत ओढून घेणें मात्र शहाणपणाचें आहे, कारण डोळ्यांत जाणारा खडा भुताहून कमी त्रास देतो असें नाहीं, आणि मोठी वावटळ छपराचा सैल पत्राही उचलते. तेव्हां आजीचें कारण सोडावें व तिचा सल्ला ठेवावा. या लेखांत आम्ही वावटळीच्या पाठीमागें लागून थोडे दूर जाणार आहों, इतके दूर कीं तेथून आपली पृथ्वी एका चांदणीएवढी दिसते. तेथेंही, मंगळाच्या उजाड माळावर, रोज दुपारीं हेच खांब उभे राहतात. आणि तेथील धुळीनें कांहीं यंत्रांचे प्राण घेतले आहेत, तर एकाचे वांचविलेही आहेत.

वावटळ कशी होते हें प्रथम नीट समजून घेऊं. सूर्याच्या उन्हानें हवा थेट फारशी तापत नाहीं. ऊन हवेंतून आरपार येऊन जमिनीस तापवितें आणि तापलेली जमीन आपल्या अंगास लागलेल्या हवेस तापविते. काळी जमीन ऊन फार शोषते. त्यामुळें दुपारीं जमिनीलगतचा हवेचा पातळ थर अतिशय तापतो, आणि पुरुषभर उंचीवर त्याहून पुष्कळ थंड हवा असते. तापलेली हवा हलकी व थंड हवा जड. हलकें खालीं आणि जड वर, ही उलटी मांडणी फार वेळ टिकत नाहीं. एखादा बांध, दगडांची रास, नांगरलेल्या व न नांगरलेल्या शेतांची सीमा, अशा कोठल्या तरी जागीं ती हवा वर उसळते, आणि तिची जागा घेण्यास चोहोंकडून हवा धांवून येते. या धांवून येणाऱ्या हवेस अगोदरच किंचित् वळण असतें. केंद्राकडे ओढली जातांना तें वळण जलद होत जातें व भोंवरा तयार होतो.

अंतर कमी झाल्यानें वळण जलद कां व्हावें, हें घरीं करून पाहण्यासारखें आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं किंवा शेजारीं माग आहेत. मागावरील रिकाम्या कांडीच्या भोंकांतून एक दोरी ओंवावी, वरच्या टोकास खोडरबर बांधावें, कांडी हातांत धरून खोडरबर डोक्यावर गरगर फिरवावें, आणि दुसऱ्या हातानें दोरीचें खालचें टोंक हळूहळू ओढावें. दोरी आंखूड होत जाईल तसतसे खोडरबराचे फेरे जलद होतील. बाजूनें त्यास कोणीं ढकललेलें नसतें. तें केंद्राजवळ आलें, एवढेंच. (दगड बांधूं नये. वर्गाच्या खिडक्यांस कांचा आहेत.)

भोंवऱ्याच्या पोटांत हवेचा दाब बाहेरच्याहून थोडा कमी असतो. म्हणून धूळ वर ओढली जाते व एरवीं अदृश्य असलेला भोंवरा आपणांस दिसूं लागतो. जेथें धूळ नाहीं तेथेंही वावटळी होतात, त्या दिसत नाहींत इतकेंच. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बंगालच्या उपसागरांतील चक्रीवादळ शेकडों किलोमीटर पसरलेलें असल्यामुळें पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम त्यावर होतो, आणि उत्तर गोलार्धांत तें नेहमीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतें. वावटळ बिचारी लहान. तिला तो नियम लागूं नाहीं. कोणती उजवीकडून फिरेल व कोणती डावीकडून, हें तिच्या जन्माच्या वेळीं आसपासच्या हवेस कोणतें वळण होतें त्यावर ठरतें.

आतां मंगळाकडे वळूं. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडा अधिक. दिवस आपल्या दिवसाहून सुमारें ४० मिनिटांनीं मोठा. वर्ष ६८७ दिवसांचें. पाऊस नाहीं, नदी नाहीं, गवताची काडी नाहीं. हवेंत शेंकडा ९५ भाग कार्बन डायऑक्साइड वायु, आणि तीही इतकी विरळ कीं तिचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आपणांस मिळतें त्याच्या निम्म्याहून कमी ऊन तेथें पोंचतें. तरीही दुपारीं मंगळाची जमीन आपल्यावरच्या हवेहून पुष्कळ अधिक तापते. तेथें माणूस उभा राहिला, तर त्याच्या पायांस दुपार लागेल आणि डोक्यास पहाट. हलकें खालीं, जड वर, अशी तीच उलटी मांडणी झाली. आणि जेथें ती मांडणी तेथें वावटळ.

१९७६ सालीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलेल्या अमेरिकेच्या दोन व्हायकिंग यानांनीं जीं छायाचित्रें पाठविलीं, त्यांत हे खांब व त्यांच्या सावल्या होत्या. त्या ओळखून टॉमस व गिराश या दोन शास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं शोध प्रसिद्ध केला. पुढें २०१२ च्या मार्चमध्यें मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या दुसऱ्या एका यानानें जी वावटळ टिपली, ती सुमारें ७० मीटर रुंद आणि २० किलोमीटर उंच होती. गौरीशंकराची उंची नऊ किलोमीटरही नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या खांबाची कल्पना येईल.

येथें चौकस विद्यार्थी हात वर करील. हवा इतकी विरळ असतां तिनें धूळ उचलावी कशी? शंका रास्त आहे व तिचें गणित सोपें आहे. सोलापुरांत उन्हाळ्यांत एक घनमीटर हवा तोलली, तर ती सुमारें एक किलोग्रॅम भरेल. मंगळावर तेवढ्याच हवेंत सुमारें वीस ग्रॅमच द्रव्य असतें. म्हणजे ती पन्नासपट विरळ. वाऱ्याचा रेटा घनतेच्या प्रमाणांत असतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत. पन्नासाचें वर्गमूळ सुमारें सात. म्हणून मंगळावर ताशीं १०० किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर त्याचा रेटा सोलापुरांतील ताशीं १४ किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच लागेल. पतंग उडविण्यास तेवढा वारा बरा. परंतु त्यानें कोणाची टोपीही जावयाची नाहीं. २०१५ सालच्या 'द मार्शियन' या चित्रपटांत मंगळावरील वादळानें अग्निबाण कलंडूं लागतो. तें दृश्य पाहण्यास चांगलें आहे, गणितास मात्र पटत नाहीं.

मग धूळ उडते कशी? आपणांस वाटतें कीं, कण जितका बारीक तितका तो सहज उडेल. तसें नसतें. एका ताटांत चिमूटभर रवा व दुसऱ्या ताटांत चिमूटभर मैदा पातळ पसरून दोहोंवर हळूच फुंकर मारावी. रव्याचे दाणे घरंगळतील. मैद्याची पापुद्र्यासारखी साय ताटास चिकटून राहील. फार बारीक कण एकमेकांस व जमिनीस धरून बसतात. वाऱ्यानें प्रथम हालतो तो वाळूचा दाणा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तो टुणकन् उडी मारतो, खालीं आपटतो, आणि आपटतांना बारीक धूळ उधळून देतो. त्या धक्क्यानें आणखी दाणे उड्या मारूं लागतात. बॅगनॉल्ड या इंग्रज लष्करी इंजिनिअरानें मिसर व लिबियाच्या वाळवंटांत हिंडून व प्रयोगशाळेंत वाऱ्याचा बोगदा बांधून या उड्यांचा अभ्यास केला आणि १९४१ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. मंगळावरील वाळूचा विचार करणारे आजही तेथूनच आरंभ करतात. मंगळाचें गुरुत्वाकर्षण आपल्याकडील आकर्षणाच्या तीन-अष्टमांश आहे. तेव्हां तेथें दाणा एकदां उडाला कीं उंच जातो व लांब पडतो. शिवाय वावटळ आपल्या पोटांतल्या कमी दाबानें धूळ वर ओढते ती निराळीच.

जी धूळ वर जाते तिचे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढे असतात. असा कण खालीं यावयास आठवडेच्या आठवडे लागतात. मंगळ आणि सोलापूर यांतला खरा भेद येथें आहे. आपल्याकडे मृगाची पहिली सर आली कीं तासाभरांत हवा धुऊन निघते, झाडांचीं पानें पुन्हां हिरवीं दिसूं लागतात, आणि जमिनींतून वर आलेला प्रत्येक कोंब आपल्या मुळांनीं थोडी थोडी माती धरून ठेवतो. मंगळाच्या आकाशांतही मृग नक्षत्र दिसतें, परंतु तें पाऊस आणीत नाहीं. उडालेली धूळ बसवावयास तेथें कोणी नाहीं आणि बसलेली धरून ठेवावयासही कोणी नाहीं.

याचा परिणाम कोठवर जातो, हें १९७१ सालीं जगानें पाहिलें. मंगळावर मधून मधून पिवळसर ढग दिसतात, हें दुर्बिणींतून पाहणारांस ठाऊक होतें. अंतोनियादी या ज्योतिर्विदानें फ्रान्समधील म्यूदों येथून १९०९ सालीं ते पाहिले होते. १९७१ सालीं मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला, आणि ती संधि साधून अमेरिकेचें मरीनर ९ व रशियाचीं मार्स २ व मार्स ३ अशीं तीन यानें त्याकडे निघालीं. यानें वाटेंत असतांनाच, सप्टेंबरच्या अखेरीस, मंगळाच्या दक्षिण गोलार्धांत एक पिवळा ढग उठला. कांहीं आठवड्यांत त्यानें सबंध ग्रह झांकून टाकला. १४ नोव्हेंबरला मरीनर ९ मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. दुसऱ्या ग्रहाचा उपग्रह झालेलें तें पहिलें यान. त्यानें डोळे उघडून पाहिलें तों खालीं कांहींच नाहीं. गढूळ पाण्याच्या हांड्यासारखा एक गोळा, आणि त्यावर चार काळसर ठिपके.

मरीनरच्या चालकांनीं त्यास नव्या आज्ञा पाठविल्या : आतां चित्रें घेऊं नकोस, थांब. रशियन यानांस असें थांबवितां येण्यासारखें नव्हतें. त्यांचा कार्यक्रम निघतांनाच ठरून गेला होता. ठरल्याप्रमाणें त्यांनीं आपलीं उतरावयाचीं यंत्रें त्या धुळींत सोडलीं. मार्स २ चें यंत्र २७ नोव्हेंबरला आपटून फुटलें. मार्स ३ चें यंत्र २ डिसेंबरला अलगद उतरलें. मंगळावर अलगद उतरलेली मनुष्याच्या हातची ती पहिली वस्तु. तिनें सुमारें वीस सेकंद संदेश पाठविला आणि ती कायमची मुकी झाली. वर्षांचे श्रम आणि वीस सेकंदांचें फळ! त्या कारागिरांस काय वाटलें असेल, याचा विचार मुलांनीं जरूर करावा. रशियन यंत्रें मरीनरहून हलक्या बुद्धीचीं होतीं असें नव्हे. त्यांस थांबण्याची सोय नव्हती.

जानेवारी १९७२ पर्यंत धूळ खालीं बसूं लागली. ते चार ठिपके हळूहळू मोठे झाले, आणि ते प्रचंड ज्वालामुखी पर्वतांचे माथे आहेत असें दिसून आलें. सबंध ग्रह धुळींत बुडाला असतां तेवढेच वर उरले होते. त्यांतला सर्वांत मोठा ऑलिंपस मॉन्स, सुमारें २२ किलोमीटर उंच. पुढें धूळ आणखी बसली तेव्हां सुमारें चार हजार किलोमीटर लांबीची एक दरी दिसली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या अंतराहूनही ती लांब. यानाच्या नांवावरून तिला 'मरीनरच्या दऱ्या' अशा अर्थाचें लॅटिन नांव मिळालें. थांबलेल्या यानानें एकंदर सात हजारांहून अधिक छायाचित्रें पाठविलीं.

एवढें वादळ होतें कसें? मंगळाची कक्षा बरीच लांबट आहे. तो सूर्याजवळ येतो तेव्हां त्यास दूर असतांनाच्या मानानें शेंकडा सुमारें पंचेचाळीस अधिक ऊन मिळतें, आणि तोच त्याच्या दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा. लहान लहान वादळें दरवर्षीं होतात. कधीं कधीं त्यांतून दुष्टचक्र सुरू होतें : उडालेली धूळ ऊन शोषते, हवा तापते, वारा वाढतो, वारा आणखी धूळ उडवितो. शेवटीं धुळीनें जमिनीवर इतकी सावली धरली जाते कीं जमीन थंडावते, आणि वादळ आपल्याच धुळींत गुदमरून मरतें. १९७१ नंतर १९७७, २००१, २००७ व २०१८ या सालीं अशीं ग्रहव्यापी वादळें झालीं. वर धूळ तापते व खालीं जमीन निवते, हें मरीनरनें मोजून दाखविल्यावर कांहीं विचारवंत शास्त्रज्ञांनीं तोच हिशेब पृथ्वीस लावून पाहिला, आणि अणुयुद्ध झालें तर आगींच्या धुरानें आपल्या जगावर कसा हिंवाळा पडेल याचा इशारा १९८३ सालीं दिला. मंगळाच्या धुळीचा उपयोग अशा कामींही झाला.

२०१८ च्या वादळाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. २००४ च्या जानेवारींत स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी या दोन सहाचाकी गाड्या मंगळाच्या दोन बाजूंस उतरल्या. उन्हावर वीज करणारे पत्रे त्यांच्या पाठीवर होते. त्यांवर रोज थोडी धूळ बसेल, वीज कमी होत जाईल आणि सुमारें नव्वद दिवसांत त्या बंद पडतील, असा अंदाज होता. परंतु मार्च २००५ मध्यें स्पिरिटच्या पत्र्यांवरची धूळ एकाएकीं झाडली गेली व तिची वीज जवळजवळ उतरल्या दिवशींइतकी झाली. त्याच सुमारास तिच्या कॅमेऱ्यास आसपास फिरणाऱ्या वावटळी दिसल्या. मोलकरणीवांचून घर झाडून निघावें तसा हा प्रकार. नव्वद दिवसांची ऑपॉर्च्युनिटी चौदा वर्षांहून अधिक चालली. पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे येथून तुळजापूरची वाट, तिनें खडकाळ वाळूंतून तुडविली. मे २०१८ च्या अखेरीस वादळ उठलें. दुपारची रात्र झाली. १० जूनला तिचा शेवटचा संदेश आला. पुढें महिनोन्महिने तिला हांका मारल्या गेल्या; उत्तर आलें नाहीं, आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं तिचें काम संपल्याचें जाहीर झालें. ज्या वाऱ्यानें तिला वर्षानुवर्षें झाडून-पुसून जगविलें त्यानेंच तिला झांकून टाकलें. इनसाइट नांवाचें दुसरें यंत्र, जें एका जागीं बसून मंगळाचे भूकंप ऐकत होतें, त्यास तर वादळही लागलें नाहीं. त्याच्या पाठीवरची धूळ झाडावयास पुरेशी चांगली वावटळ आली नाहीं, म्हणून तें डिसेंबर २०२२ मध्यें निमालें.

त्या २०१८ च्या वादळाचा एक साक्षीदार आपला होता. भारताचें मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालें आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. सहा महिन्यांसाठीं पाठविलेलें हें यान सुमारें साडेसात वर्षें बोलत राहिलें. एप्रिल २०२२ मध्यें त्याचा संपर्क तुटला. त्याच्या रंगीत कॅमेऱ्याच्या चित्रांवरून आपल्या शास्त्रज्ञांनीं मरीनरच्या दऱ्यांवरील हवेंत धूळ किती आहे व उंचीबरोबर ती कशी कमी होत जाते, याचें मापन केलें. त्रिवेंद्रमच्या प्रयोगशाळेंत बनलेल्या दुसऱ्या एका उपकरणानें २०१८ मध्यें दाखवून दिलें कीं, खालीं धूळ तापली असतां दीडशें किलोमीटर उंचीवरचीही हवा दाटते. तव्यावरची भाकरी फुगावी तसें सबंध वातावरण फुगून वर येतें. हें यान ज्या जातीच्या अग्निबाणावरून गेलें त्याचे कांहीं भाग इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरच्या कारखान्यांत घडविले जातात. आणि वालचंदनगर ज्यांच्या नांवानें वसलें ते वालचंद हिराचंद १८८२ सालीं सोलापुरांत जन्मले, हें आमच्या विद्यार्थ्यांस माहीत असावें.

धूळ नुसती दिसते असें नाहीं. ती ऐकूं येते, आणि तिच्यांत वीजही असते. लाहोर येथें सैन्यांतील सर्जन बॅडली यांनीं घराच्या छपरावर बांबूस तार बांधून तिचें टोंक खोलींत आणलें, आणि धुळीचें वादळ चालूं असतां त्या तारेंतून ठिणग्या पडतांना पाहिल्या. भारतांतील वावटळी व धुळीचीं वादळें या विषयावर त्यांचें पुस्तक १८६० सालीं लंडनला निघालें. कण एकमेकांवर घांसून ही वीज उत्पन्न होते; कोरड्या केसांवरून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलतां, तीच ही. मंगळावर २०२१ मध्यें उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या गाडीस कान आहेत. त्याच वर्षीं २७ सप्टेंबरला एक वावटळ नेमकी तिच्या अंगावरून गेली. प्रथम वाऱ्याचा घोंघाट, मग पोटांतली क्षणभर शांतता, पुन्हां घोंघाट, आणि मधून मधून कण आपटल्याची टिकटिक, असा तो आवाज पृथ्वीवर आला. त्याच कानानें टिपलेल्या पन्नासांहून अधिक सूक्ष्म ठिणग्यांच्या कडकडण्याचा शोध २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. बॅडलींची लाहोरची खोली येथवर येऊन पोंचली.

इतर ग्रहांविषयीं थोडक्यांत. शुक्रावर मंगळाच्या नेमकें उलट आहे. तेथील जमिनीलगतची हवा आपल्याहून सुमारें साठपट दाट. १९७५ सालीं उतरलेल्या रशियाच्या व्हेनेरा यानांस तेथें सेकंदास एक मीटर, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या चालीइतकाच वारा आढळला. परंतु वर केलेलेंच गणित उलट करून पाहावें, म्हणजे त्या संथ वाऱ्याचा रेटा आपल्याकडील झाडाच्या फांद्या हालविणाऱ्या वाऱ्याइतका आहे असें कळेल. शनीच्या टायटन या उपग्रहावर २००९-१० मध्यें कॅसिनी यानास विषुववृत्ताजवळ जे तेजस्वी डाग दिसले, ते धुळीचीं वादळें असावींत असें २०१८ मध्यें शास्त्रज्ञांनीं प्रतिपादिलें. नेपच्यूनवर ताशीं दोन हजार किलोमीटरचे वारे आहेत, पण पायांखालीं जमीन नाहीं, म्हणून धूळही नाहीं. चंद्रावर धूळ आहे, पण वारा नाहीं. तेथें १९६९ सालचीं पावलें अजून तशींच आहेत.

या सर्वांवरून पुन्हां आपल्या शेताकडे पाहिलें, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. धुळीचें वादळ वाऱ्याच्या जोरावर जितकें अवलंबून आहे, तितकेंच, आमच्या मतें त्याहून अधिक, जमिनीच्या उघडेपणावर अवलंबून आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यांत जेथें गवत टिकलें आहे, तेथें त्याच वाऱ्यानें त्याच दुपारीं फारशी धूळ उठत नाहीं. बांधापलीकडच्या उघड्या शेतांत उठते. आपल्या शेतांतला वरचा वीतभर थर हाच पिकाचा खरा ठेवा आहे, आणि बारीक, कसदार कणच सर्वांत आधीं निघून जातात. सोलापुरांत १९३३ पासून कोरडवाहू शेतीचें संशोधन चालूं आहे. कानिटकर यांच्या देखरेखीखालीं येथेंच शेताचे तुकडे पाडून, पावसाबरोबर कोणत्या तुकड्यांतून किती माती वाहून जाते हें मोजलें गेलें, आणि बांधबंदिस्तीचा आग्रह त्यांतून धरला गेला. पाण्याबरोबर जाणारी माती ओढ्यांत गढूळ दिसते, म्हणून शेतकऱ्यास कळते; वाऱ्याबरोबर जाणारी दिसत नाहीं. ज्या पालकांचीं शेतें आहेत त्यांनीं उन्हाळ्यांत धसकटें व पालापाचोळा जाळून न टाकतां जमिनीवर राहूं द्यावा, अशी आमची विनंती आहे.

धुळीची केवळ निंदाही करूं नये. ढगांतील वाफेस थेंब होण्यासाठीं धरावयास कांहींतरी कण लागतो. धुळीचे व मिठाचे सूक्ष्म कण हें काम करतात. २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचीं विमानें सोलापूरच्या आकाशांत ढगांखालीं फिरत होतीं, तीं ओलावा शोषणारे असेच कण सोडून पाऊस वाढतो कां, हें पाहण्यासाठीं. आपल्यापैकीं कांहींनीं तीं विमानें पाहिलीं असतील.

आतां सुटीचें काम. मंगळावरील त्या २० किलोमीटर उंच वावटळीची उंची तिच्या सावलीवरून काढली होती. तीच रीत येथें चालते. एक मीटर लांबीची काठी उन्हांत उभी करून तिची सावली मोजावी. त्याच वेळीं वावटळीच्या सावलीचें टोंक कोणत्या बांधावर वा झुडुपापाशीं पडलें तें ध्यानांत ठेवावें, आणि ती निघून गेल्यावर तिच्या बुडापासून तेथवरचें अंतर पावलांनीं मोजावें. बाकीचें त्रैराशिक. परंतु मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत सोलापुरांत सूर्य भर दुपारीं नेमका डोक्यावर येतो व सावली पायांखालीं जाते. तेव्हां हें मोजमाप तीन वाजल्यानंतरच करावें. वावटळीच्या आंत जाऊं नये, डोळे सांभाळावे, आणि विहिरीच्या कांठानें पळूं नये. दिनांक, वेळ, शेत नांगरलेलें होतें कीं नाहीं, आणि वावटळ उजवीकडून फिरत होती कीं डावीकडून, एवढें वहींत लिहावें. जून महिन्यांत शाळा उघडल्यावर सर्वांच्या वह्या एकत्र करून उजव्या व डाव्या वावटळींची बेरीज फळ्यावर मांडूं.